ह्या घराला मानियम नाही

सरकारी माणूस दिसला की आमचे हे आधी गोठ्याचं दार लावून घेतात, मग बोलतात. पंच्याण्णवच्या जूनमध्ये शेतकी खात्याची भुवना मोपेडवरून आमच्या दारात उतरली, तेव्हाही तसंच झालं.

तमिळ मुलखातल्या ओरत्तनाडूपासून आमचं गाव आडबाजूला, कालव्याच्या अगदी शेपटाशी. इथवर पाणी येत नाही, तर सरकार कशाला येईल? कावेरीचं पाणी यंदा लांबलं होतं आणि वाफ्यातलं भाताचं रोप पिवळं पडायला लागलं होतं. बोअर झाली नाही तर लावणी विसरायची. आणि ही बाई हसतमुखानं तमिळमध्ये विचारते, "प्रतापसिंह अय्या, मानियम हवंय का?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्या घरात मानियम म्हणजे इथल्या मराठे राजांनी पूर्वजांना दिलेली इनाम जमीन. सासऱ्यांनाही एका साहेबानं असंच गोड बोलून विचारलं होतं, "तुमच्याकडे मानियम आहे ना?" सासऱ्यांनी छाती फुगवून हो म्हटलं, वर त्याला पानावर जेवायला वाढलं. पुढं इनामं खालसा झाली आणि ते शेत गेलं.

"ह्या घराला मानियम नाही! कधी नव्हतं!" हे अंगावर धावूनच गेले. मग माझ्याकडे वळून आपल्या घरच्या मराठीत म्हणाले, "हिला ताक देऊ नोको. अस्कं, असेल नसेल ते काढून घेतील."

मला असला भित्रेपणा मुळीच खपत नाही. पण संशय मलाही होताच. न मागता कोण देतं? तरी दारी आलेलीला मी आत नेऊन ताक दिलं. ती गोंधळून म्हणाली, "अम्मा, अय्या का रागावले? बोअरचा निम्मा खर्च सरकार देणार, त्यालाच मानियम म्हणतात. अर्जाची मुदत आज संपतेय."

म्हणजे अनुदान! मला हसू आवरेना. बाहेर येऊन मी ह्यांना समजावलं.

"अत्तां देतील, मग नेतील," हे म्हणाले. "राजानं दिलेलं नेलं की नाही?"

"न्यायला आधी काही पिकायला तर हवं! रोप बघून या, मग बोला."

हे तणतणत गेले. वाफ्याशी बराच वेळ उभे राहिले. परत आले ते ओट्यावर भुवनाशेजारी येऊन बसले. भुवना एकेक विचारून अर्ज भरत गेली.

"शेवटचं, अय्या. ह्याआधी तुमच्या घराला कधी मानियम मिळालंय? मिळालं असेल तर पुन्हा मिळत नाही."

ह्यांची मान ताठ झाली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे राजाच्या नावापासून त्या इनामाची गोष्ट सांगतात. आता सुरू होणार, आणि रोप जाणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. मी मध्ये बोलणार, तोच ह्यांनी नजर खाली घातली.

"ह्या घराला मानियम नाही," हे म्हणाले. "कधी नव्हतं."

मघाशी हेच वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. आता शेजारी बसलेल्या भुवनाला ते ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.