सावडीचा दिवस

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर भाताच्या रोपासारखं एका अंगाला कलतं, त्याची माफी आधीच मागते. शाळा चौथीतच सुटली. पण शालनबद्दल लिहायचं तर अक्षर कललेलंच बरं, कारण ती मला आठवते ती कधी ताठ उभी नसतेच. डोळे मिटले की आधी चिखलाचा आवाज येतो, गुडघाभर राडीतून पाय उपसताना होतो तसा, ओला आणि हट्टी. मग त्या आवाजाच्या वर एक रुंद, वाकलेली पाठ दिसते, आणि पाठीवर येतं-जातं पावसाळी ऊन.

शालन माझी धाकटी नणंद. आमचं गाव वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या सावलीत. तिथं भातलावणी सावडीनं होते. आज तुझ्या खाचरात माझ्या घरचं माणूस, उद्या माझ्या खाचरात तुझ्या घरचं. पैसा नाही, दिवसाला दिवस. आंबवड्याहून लग्न होऊन आले त्या पहिल्याच लावणीला मला दिवस गेलेले, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. शेजारच्या खाचरात आमच्या घरच्या दोघी जायच्या होत्या. शालन तेव्हा शाळेत होती. तिनं आपला पट्टा लावला आणि माझाही लावला. पाय रोवण्याआधी टाचेनं दोनदा चिखल दाबून पाहायची, जणू जमिनीला विचारायची, पेलशील का मला? संध्याकाळी कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन दारात उभी राहिली.

“वैनी, माजा एक दिस हाय तुज्याकडं. इसरू नगंस.”

भोरच्या कॉलेजात गोळा फेकताना पुण्याच्या एका बाईंनी तिला हेरलं आणि रग्बीला नेलं. त्या खेळात इकडच्या आठजणी आणि तिकडच्या आठजणी वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकींना रेटतात. अगदी पुढं डोकं घुसवून जी सगळा भार मानेवर घेते ती प्रॉप. शालन प्रॉप झाली, आणि देशाचा निळा सदरा घालून परक्या मुलखात जाऊ लागली. चावडीवरची पोरं ओरडायची, “म्हस आली रं, वाट सोडा!” ती थांबून म्हणायची, “सोडा की मग, कुणाची वाट बगताय?”

सासूबाईंना एकच काळजी. “येवडं खाती, गोल किती केलंस?”

“प्रॉप गोल करत न्हाई, आई. करनारीला मोकळी वाट करून देती.”

“म्हंजी टेकू की गं!” सासूबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, “टेकूचं नाव घराला कोन देतं?”

शालन हसली होती. पण टेकू नसता तर घर कुठं असतं, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं आणि पदर सारखा करून मी चुलीकडं वळले होते.

मग तिच्या मानेची शीर दबली. पावसाळाभर गळ्याला पट्टा बांधून ती ओसरीवर बसली. इतकं मोठं शरीर आणि इतकं गप्प. मार्गशीर्षात डॉक्टरांनी हळूहळू भार घ्यायला सांगितलं. पुण्यात मान तपासून बघणार होते. टिकली तर खेळ, नाहीतर नाव कायमचं कमी. ती गोठ्याची मेढ, छप्पर तोलणारा लाकडी खांब, खांद्यानं रेटायची. “गोठा पाडशील, बये!” सासूबाई ओरडायच्या. पण मेढ उलटी रेटत नाही, आणि तिला हवं होतं उलटं रेटणारं माणूस. आमचे हे टेम्पोवर. गावातले गडी बाईमाणसाच्या खांद्याला खांदा लावायला लाजले. तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही.

एका सकाळी मी कापणी झालेल्या खाचरात उतरले. पदर खोचला, कासोटा घातला. चारचौघांत माझा आवाज कधी निघाला नव्हता.

“वन्सं, तुमचा एक दिस हाय माज्याकडं.”

“अगं, मोडशील वैनी!”

“मोडंन तर मोडंन. वाका तुमी.”

ती वाकली. टाचेनं दोनदा जमीन दाबली. तिचा भार माझ्या उजव्या खांद्यावर आला, मान मानेला लागली, आणि तेव्हा मला कळलं की जिच्यापुढं परदेशच्या पोरी मागं सरकायच्या, तिचं अंग भीतीनं बारीक थरथरत होतं, थंडीत वासराचं थरथरतं तसं. मी रेटलं. ती आधी मान चोरत होती. बांधावरून सासूबाई लेकीवर किंचाळल्या, “लोट गं! भाकरी न्हाई का खाल्ली?” भाराखालीच शालनला हसू फुटलं, आणि त्या हसण्यात मान चोरायची विसरली. मी मागं मागं घसरत गेले, पायाखाली भाताचे खुंट मोडत गेले. बसलो, पाणी प्यालो, पुन्हा वाकलो. तोरण्यामागं ऊन गेलं तेव्हा तिनं माझ्या केसांतला पेंढा काढला.

“फिटलं, वैनी.”

पुण्यात तिची मान टिकली. एकाच हंगामापुरती, पण टिकली. त्या हंगामातला तिचा एक सामना आम्ही घरच्यांनी मोबाईलवर पाहिला. वाकलेल्या पाठींच्या ढिगात शालन कुठं ते कुणालाच ओळखू येईना. मला एक टाच दिसली, हिरवळीला दोनदा विचारणारी. “ती बगा,” मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले.

आता ती दुसऱ्या राज्यात पोरींना शिकवते, सणालाही येणं होत नाही. खाचरात दरवर्षी नवं रोप उभं राहतं, त्या दिवशीच्या पावलांची खूण उरलेली नाही. दिवसाला दिवस फिटला. तरी भातातलं तण काढत, भांगलताना कधी उजव्या खांद्यावर एक ओझं येऊन टेकतं, आणि ते तिथं नाही हे कळायच्या आत मी थोडी पुढं झुकलेली असते.