बाविसाच्या जागी तेवीस

१९६२ साल. बेंगळुरातल्या आकडेवारीच्या हापिसात मी, विठोजी, तुरुंगांचे तक्ते तपासायचो. वर्षाअखेर आत किती माणसं, किती शिक्षेची, किती खटला चालू असलेली कच्ची, ते प्रत्येक तुरुंगानं कळवायचं. आम्ही बेरजा मारून दिल्लीला धाडायच्या, मग तिथं सगळ्या देशाचं पुस्तक छापायचं. कामाला चव नाही, म्हणून मी दर शनिवारी हापिसातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं पळवायचो. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे दुवा द्यायचे.

त्या जानेवारीत एका तुरुंगानं बायका बावीस लिहिल्या, आणि रोजची नाचणी तेवीस जणींची. म्हटलं, कोणीतरी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, चोरतंय. चला, पकडून मजा करू.

तिथली वॉर्डर कस्तुराबाई. तिनं बायका ओळीनं बसवल्या. मी मोजल्या. तेवीस.

"त्या कोपऱ्यातलीला सोडा, अण्णा," ती म्हणाली. "यल्लव्वाला मोजायचं नसतं."

"का? हवेची आहे काय?"

"सुटलीय ती."

ऐका आता. यशवंतपूरच्या मालधक्क्यावर सांडलेले गहू हिनं पदरात झाडून घेतले, म्हणून धरलेली. महिन्याभरात खटला निकालात, सुटकेचा हुकूमही आला. पण तिथला रिवाज असा, की बाईमाणसाला एकटीला फाटकाबाहेर घालायचं नाही. घरचा पुरुष येऊन सही करील तेव्हाच. बहुधा तो संध्याकाळपर्यंत यायचा, म्हणून हेडक्लार्क हयवदन हुकूम आला की सकाळीच नाव खोडून मोकळा. यल्लव्वाचं गाव लांब, अथणीकडचं. कोणीच आलं नाही. एकोणीस महिने!

"अहो, मग नाव परत चढवा की!" मी हयवदनवर ओरडलो.

"कसं चढवू?" हयवदन शांतपणे पान लावत होता. "गेल्या वर्षीचे आकडे दिल्लीत छापून झाले. छापलेलं खोटं पाडू काय? बावीस लिहा, सरी! सगळं बरोबर होतं."

बाई जितीजागती समोर बसलीय आणि ह्याला पुस्तकाची काळजी! माझं डोकं असं फिरलं, की हसूच आलं. आणि मला हसू आलं की कोणाचं तरी काहीतरी होतं.

तक्त्यात मी ठोकून तेवीस लिहिलं. बेरीज चुकू दिली. शेऱ्यात लिहिलं, 'एक बाई सुटलेली असून आत आहे. तिला कैदी धरावं, पाहुणी धरावं की नोकर? दिल्लीनं कळवावं.'

दिल्लीला माणूस कळत नाही, पण न जुळणारी बेरीज बरोबर कळते. अडीच महिन्यांनी तुरुंगाच्या नावं पत्र आलं. चार दिवसांत फरक मिटवा, नाहीतर वरिष्ठांकडे नाव जाईल.

तुरुंगात पळापळ. बावीस महिने न सापडलेला घरचा पुरुष एका दुपारी सापडला. हयवदननं स्वतःच 'भाऊ' म्हणून सही ठोकली! म्हणजे बाई सुटली ती न्यायानं नाही, दयेनंही नाही. बेरीज जुळेना म्हणून सुटली.

मी फाटकाशी उभा होतो. यल्लव्वा बाहेर आली. पाया पडायला वाकली, मी मागं सरलो.

"अण्णा, एक कागद द्यायला सांगा," ती म्हणाली. "दोन वर्षं जेलात होते म्हणून. नाहीतर नवरा म्हणणार, पळून गेली कोणाबरोबर."

मी हयवदनकडं गेलो. तो म्हणाला, "कसा देऊ? आमच्या कागदावर ती तेव्हाच गेलीय."

"मग आज बाहेर कोण आलं? तुझी आई?"

त्यानं नुसता पानाचा डबा बंद केला.

मी यल्लव्वाला घेऊन हापिसात आलो. साहेब जेवायला गेलेले. सरकारी कागद घेतला आणि मराठीत, कानडीत लिहिलं, 'यल्लव्वा बावीस महिने तुरुंगातच होती. मी स्वतः मोजली आहे.' खाली सही, नाव, हुद्दा. साहेबांचा गोल शिक्का उचलला आणि दाणकन मारला. एकदा नाही, तीनदा.