नेत्रानंदाची परात

"निघ गं अवदसे, निघ! डोळा सोड, परातीत पड!"

नेत्रानंद महाराजांनी आरोळी ठोकली आणि चिंचवड स्टेशनामागच्या रिकाम्या शेडमध्ये जमलेल्या गर्दीनं श्वास रोखला. पितळी परातीत पाणी, त्यात विटेवर ठेवलेलं तापलेलं लोखंड आणि त्यावर चिमूटभर विभूती. डोक्यावरून शाल घेतलेला रोगी परातीवर ओणवा होऊन धुराची नळी डोळ्याला लावून बसलेला. थोड्या वेळानं महाराजांनी शाल ओढली. पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत होते!

"महाराज की जय!" काळे चष्मे लावलेली गर्दी ओरडली.

एक्याऐंशी साल होतं. डोळे येण्याची साथ अशी पसरली होती, की तळेगावपासून पिंपरीपर्यंत घर सुटलं नव्हतं. कंपन्यांत शिफ्ट अर्धीच भरायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. वर्गात समोर सगळे लालबुंद डोळे; माझेही येऊन गेले. गावठाणातल्या डॉक्टर अरुंधतीबाई घसा कोरडा करून सांगत होत्या, "हा विषाणू आहे. डोळे स्वच्छ पाण्यानं धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. आठवड्याभरात आपोआप बरं वाटेल." पण 'आपोआप' या शब्दाची आरती कोण करणार? महाराज मात्र धुरी झाल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यात त्याच बोटानं तेच अंजन फिरवत. साथीला याहून इमानी नोकर मिळाला नसता.

माझा शेजारी श्याम एका कारखान्यात लेथवर होता. धुरी घेतल्यावर चार-पाच दिवसांत त्याचे डोळे निवळले आणि तो पक्का भक्त झाला. बायकोचे डोळे आले, तसा तो तिलाही घेऊन गेला. चित्रावहिनींच्या उजव्या डोळ्याला धूर झोंबला, वर महाराजांचं नख लागलं. डोळा उघडेना. अरुंधतीबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बुबुळावर जखम झालीय. आत्ताच्या आत्ता पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर केलात तर फूल पडेल, नजर जाईल."

श्याम मला म्हणाला, "सर, आत किडे राहिलेत. महाराजांनी उद्या परत बोलावलंय."

"मला तिथं नका हो नेऊ," वहिनी रडत म्हणाल्या. श्यामनं ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी मी नूरमोहम्मदच्या गॅरेजात गेलो. माझी स्कूटर तोच बघायचा. मी काय सुचवलं ते ऐकून त्यानं फडक्याला हात पुसले. "मास्तर, भक्तमंडळी बिथरली तर पहिले फटके मला बसतील, तुम्हाला नाही."

"खरं आहे. नाही म्हणालास तरी चालेल."

"येतो. त्या बाईची नजर जायला नको."

दुसऱ्या दिवशी शेड तुडुंब भरली होती. श्याम वहिनींचा हात धरून रांगेत उभा होता. त्यांच्या आधी नूरमोहम्मद महाराजांसमोर जाऊन बसला. "डावा डोळा लई ठणकतो, महाराज."

"इथं जातधर्म नाही, बेटा. नेत्रदेवता सगळ्यांची!" महाराज प्रसन्न झाले. शाल, नळी, धूर, आरोळी. शाल ओढली. "बघा! डाव्या डोळ्यातून सात किडे! वेळेवर आलास, नाहीतर आंधळा झाला असतास!"

जयजयकार झाला. तो ओसरू देऊन नूरमोहम्मदनं रुमाल काढला, मान खाली घातली आणि डावा डोळा काढून तळहातावर ठेवला.

"माझा डोळा जुन्या कंपनीत ग्राइंडरवर गेला, महाराज. हा काचेचा आहे."

महाराजांचे ओठ हलले. "का... काचेतसुद्धा बाधा शिरते..."

"काचंला किडं पडत्यात व्हय रं, मुडद्या?" मागून एक म्हातारी कडाडली.

महाराजांचा चेला नूरमोहम्मदवर धावला. श्याम वहिनींचा हात न सोडताच मधे पडला. कुणाच्या बाजूनं, ते त्यालाही कळलं नसावं. तेवढ्यात मी पुढे घुसलो, विभूतीची चिमूट उचलली आणि तापल्या लोखंडावर टाकली. शाल नाही, नळी नाही, रोगी नाही. तडतड आवाज झाला आणि परातीत 'किडे' पडले.

"या राखेत रानातल्या काटेरिंगणीचं बी मिसळलंय," मी ओरडून सांगितलं. "तापलं की फुटतं आणि आतला वळलेला पांढरा अंकुर पाण्यात उडतो. किडे डोळ्यातले नाहीत, विभूतीतले आहेत!"

"पण सर, माझे डोळे बरे झाले ना?" श्यामचा आवाज चिरकला.

"माझेही झाले. मी कुठे आलो होतो इथं?"

चित्रावहिनींनी श्यामच्या हातातून हात सोडवून घेतला. "मी पिंपरीला चाललेय," त्या म्हणाल्या. "यायचं तर या."

महाराज गर्दीच्या गोंधळात पसार झाले. परात मागेच राहिली. वहिनींचा डोळा वाचला, पण निम्माच. बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. त्या डोळ्यानं त्यांना धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. उशीर एकाच दिवसाचा झाला होता.

आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्याचं श्रेय लुबाडायला भोंदू नेहमी वेळेवर हजर असतो. म्हणून, बाबांनो, चमत्कार पाहून हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे केलं नसतं, तर काय झालं असतं? आणि उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसाच्या डोळ्याला कुणाचं बोट लागू देऊ नका.