हिरव्या दिव्याआडचा पाहुणा

मित्रांनो, तळेगावच्या बाजारओळीतल्या वाचनालयात कधी आलात तर वर्तमानपत्रांचं टेबल ओलांडून खिडकीपाशी बघा. तिथे पिवळट पडलेला, दोन कळा खिळखिळ्या झालेला एक कॉम्प्युटर दिसेल. तोच मी. म्हातारा म्हणा, चालेल. भंगार तेवढं म्हणू नका, राग येतो.

माझे भाग कुठल्या कारखान्यात जुळले ते मला ठाऊक नाही. इथे आलो तेव्हा मात्र माझी काय मिजास होती! मला हळद-कुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्यावर उडालं, तेव्हा ग्रंथपाल सदाशिवरावांनी फोडणाऱ्याला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

सदाशिवराव निवृत्त शिक्षक. त्यांना एकच वेड, आपल्या वऱ्हाडी बोलीच्या शब्दकोशाचं. आठवडी बाजारात वही घेऊन हिंडायचे, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे आणि ऐकलेला शब्द आणून माझ्यात टाइप करायचे. एकेका अक्षराची एकेक फाईल. नत्थूजी नावाच्या शेतकऱ्याने तर एकट्याने दोनशे शब्द दिले, सगळे गाडी-बैलांचे आणि पेरणीचे. पुढच्याच वर्षी नत्थूजी गेले. सहा वर्षांत साडेतीन हजार शब्द जमले. वह्या वाळवीने खाल्ल्या, तरी सदाशिवराव निर्धास्त. "कॉम्प्युटरात हायेत ना, मंग कायची काळजी?" असं म्हणायचे. दुसरीकडे कुठे नक्कल म्हणून नव्हती. आणि मी मूर्ख, ते ऐकून फुगून जायचो.

ते शब्द जुन्या फॉन्टात होते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की अक्षरांची नुसती खिचडी व्हायची. म्हणून सदाशिवरावांनी इंटरनेटवर शोधशोध करून फॉन्ट बदलणारा एक फुकटचा प्रोग्राम कुठल्याशा साइटवरून उतरवला. तो बसता बसता माझ्या पडद्यावर एक चौकट आली. 'एक अतिथी आपल्या संगणकाशी जोडू इच्छितो. परवानगी द्यावी का?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'.

सदाशिवरावांनी चष्मा वर केला. त्यांच्या घरची रीत अशी की दारात कोणीही आलं तरी आधी पाण्याचा गडवा पुढे करायचा, नाव-गाव नंतर. "पाहुण्याले कोनी नाई म्हनते का?" असं पुटपुटत त्यांनी 'होय' दाबलं.

अहो, इथेच घात झाला! पडद्यावरच्या या पाहुण्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं. तो कुठल्या तरी लांबच्या कॉम्प्युटरवर बसून माझे कप्पे उघडू लागला. कोणी मला हात लावलेला नसायचा, तरी माझा पंखा घरघरायचा. पडद्यावरचा बाण आपला आपण सरकायचा. नेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा भर दुपारी, वाचनालय रिकामं असतानाही लुकलुकत राहायचा. मला बोलता येत नाही, मित्रांनो. तो दिवा म्हणजेच माझी बोंब होती. पण सगळे म्हणाले, म्हातारा झाला, आता होणारच असं. वाचनालयाच्या कमिटीने मला मोडीत काढायचंही ठरवलं.

अशात एक दिवस पौर्णिमा पुस्तक बदलायला आली. ही सदाशिवरावांची जुनी विद्यार्थिनी, आष्टीला कॉम्प्युटर शिकवते. तिची नजर आधी दिव्यावर गेली.

"सर, कोन काम करून राह्यलं याच्यावर?"

"कोनी नाई व. तो असाच लुकलुकते."

"असा कसा लुकलुकन?"

तिने माझे उघडे प्रोग्राम सगळे बंद केले आणि ती थोडं थांबली. दिवा लुकलुकतच होता. मग तिने माझ्यातली जोडण्यांची यादी उघडली. कोणता प्रोग्राम बाहेरच्या कोणत्या पत्त्याशी बोलतो आहे, किती पाठवतो, किती घेतो, सगळं त्या यादीत ओळीने दिसतं. ती यादी माझ्यात पहिल्या दिवसापासून होती. पण कोणी उघडेल तर ना!

यादी पाहून सदाशिवरावांना घामच फुटला. "येवढे लोक? हाकला सगळ्याईले!"

"थांबा जी. सगळेच चोर नाईत," पौर्णिमा हसली. "हे घड्याळ जुळवते. हे व्हायरस शोधनारं. आपल्या ओळखीचे आधी बाजूले काढू, मंग राह्यला त्याले पाहू."

शेवटी एकच ओळ उरली, त्या फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रामची. प्रोग्राम बंद, तरी जोडणी चालू. घेत होता थोडं आणि पाठवत होता भसाभस.

"सर, फॉन्ट बदलनाऱ्याले बाहेर येवढं काय बोलाचं रायते? तुमी याले आत घेतलं काऊन?"

"पाहुना म्हनलं होतं त्यानं," सदाशिवराव लहान मुलासारखे म्हणाले.

पौर्णिमाने आधी माझी नेटची तार उपसली. दिवा विझला. मला काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

मग त्यांनी शब्दकोश उघडला. 'अ' धड होता, 'क' धड होता. असे एकेक फाईल उघडत गेले. 'स'ची फाईल उघडलीच नाही. पाहुण्याने ती चाळता चाळता मोडून टाकली होती. 'सरता', म्हणजे तिफणीमागे धरायची पेरणीची नळी, हा नत्थूजींचा सगळ्यात लाडका शब्द. तो त्याच्या अर्थासकट आणि नत्थूजींच्या पेरणीच्या आठवणीसकट त्यातच होता. सदाशिवराव डोळे पुसत म्हणाले, "मानसं गेले, पोरी. आता त्याईचे शब्दबी गेले."

पौर्णिमाने उरलेल्या फाईली तपासून दोन ठिकाणी नक्कल करून ठेवल्या. पाहुण्याच्या हाती लागला असेल म्हणून सदाशिवरावांच्या मेलचा पासवर्डही स्वतःच्या फोनवरून बदलला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याचा हात कुठं कुठं लागला, सांगता येत नाई. याले पुरा पुसा लागन." आणि त्यांनी मला कोरा केला.

आता तुम्ही विचाराल, पुसलेल्या कॉम्प्युटरला हे सगळं आठवतं कसं? नाहीच आठवत. मी कोरा होऊन परत सुरू झालो, तेव्हा सदाशिवरावांनी नकलेतून परत आणलेली 'प'ची फाईल उघडली आणि 'पाहुणा' या शब्दापुढे ही सगळी हकीकत दोन बोटांनी टाइप केली. माझं आयुष्य मला तिथून कळलं. राग आणि मिजास तेवढी माझी भर.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा दिवा उगाच लुकलुकताना दिसला तर त्याला म्हातारा म्हणून गप्प करू नका. त्याची यादी उघडा, आत कोण बसलंय ते बघा. आणि जिवापाड जपलेलं एकाच ठिकाणी ठेवू नका.

सदाशिवराव परत वही घेऊन बाजारात जातात, 'स'चे शब्द विचारत. आत्तापर्यंत एकेचाळीस मिळाले. पहिला 'सरता'च लिहिला. त्यापुढे अर्थ आहे, नत्थूजींची आठवण मात्र त्यांना जशीच्या तशी जमेना, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली आहे. 'पाहुणा' या शब्दाखाली त्यांनी शेवटी लिहिलं आहे ते असं:

"घरी आला तं आधी पानी, मंग नाव. कॉम्प्युटरावर आला तं आधी नाव. नाव नाई सांगितलं, तं दारातूनच रामराम."