क्लचमधलं तेल

वडिलांच्या जलदान विधीला तीन आठवडे झाले, तरी मी भारतशी धड बोलले नव्हते. भारत माझा चुलतभाऊ. बदनापूरला त्याचं गॅरेज आहे आणि आमच्या जुन्या गाडीला दहा वर्षांत त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

त्या सकाळी वडिलांच्या छातीत कळ आली. शेजारचे सुमितदादा गाडी काढायला धावले, पण क्लच दाबला की पेडल सरळ तळाला जायचं आणि गिअर पडायचाच नाही. दुसरं वाहन मिळून जालन्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पुण्याहून आले. दुसऱ्या दिवशी भारत अंगणात बॉनेट उघडून उभा दिसला. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं तो क्लचच्या तेलाच्या डबीतून काहीतरी ओढून काढत होता. मला पाहताच त्यानं बॉनेट आदळलं.

"काय न्हाई ताई, असंच."

मला तेवढं पुरलं. दिवाळीत क्लचचं काम त्यानंच केलं होतं. काहीतरी हलकं बसवलं असणार आणि आता पुरावा नाहीसा करत होता. मी आईला तसं सांगितलं. तेव्हापासून भारत आला की ती बाहेर येईनाशी झाली.

शेवटी मीच त्याला बोलावलं. "गाडी गॅरेजला न्यायची नाही. इथंच, माझ्यासमोर खोल."

"क्लच करायचाय का पोलीस केस, ताई?"

मी हसले नाही. पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला. नव्या रबरांचं पाकीट मी स्वतः जालन्याहून आणलं होतं. तो काढेल तो प्रत्येक भाग मी वर्तमानपत्रावर मांडून ठेवत होते.

"मोजून घे," खालून आवाज आला. "मी काय गिळून राह्यलो का?"

सिलिंडरमधलं जुनं रबर निघालं, ते मात्र त्यानं मुठीतच ठेवलं.

"दाखव."

"खराब झालंय. बघायचं काय त्यात?"

"भारत, हात उघड."

रबर फुगून नव्याच्या दीडपट झालं होतं. नखानं दाबलं तर खड्डा पडत होता.

"दिवाळीत हेच बसवलंस?"

"बसवलं तव्हा बराबर होतं. ह्यात इंजिनचं तेल गेलंय, त्यानं फुगलं. क्लचला ब्रेक ऑइलच लागतंय."

"मग इंजिनचं टाकलं कुणी? तूच ना?"

"मी? येवढा अडाणी असतो तर गिऱ्हाइकांनी जोड्यानं हाणलं असतं मला."

"मग कुणी?"

तो पाना पुसू लागला. "काकानं. त्यांचा फोन आल्ता. म्हणे, पुण्याहून दीपमाला म्हणाली ऑइल टाका. टाकलं, तर पेडल आणखीच खाली चाललंय. मी इचारलं, कोणतं टाकलं? म्हणे, ऑइल म्हणजे ऑइल, घरात डबा होता. मी म्हणलं, गाडी हलवू नका, रविवारी येतो." त्यानं पाना खाली ठेवला. "शुक्रवारीच ते गेले, मंग."

"आणि सिरिंज?"

"डबीत वर इंजिनचं तेल तरंगत होतं. तू बघितलं असतं तर इचारलं असतं, कुणी टाकलं."

वडिलांचा मला आलेला फोन आठवला. मी वर्गावर निघाले होते. वडील म्हणाले, क्लच फार मऊ लागतोय. मी म्हणाले, ऑइल कमी असेल, टाकून घ्या. बोलताना सगळेच 'ब्रेक' गाळतात, मीही गाळलं. वडिलांनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सांगितलेल्या शब्दाबाहेर ते जात नसत.

भारतनं पाइप धुतला, वरच्या-खालच्या दोन्ही सिलिंडरांना नवी रबरं बसवली. मग पाइपमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. मी वडिलांच्या सीटवर बसले.

"दाब."

"दाबलं."

"धर... सोड."

कितीतरी वेळ तेवढंच चाललं. हळूहळू पेडल पायाला जोर देऊ लागलं.

भारत बाहेर आला, कपाळाला काळं लागलेलं. "झालं. काकूला सांग, रबर जुनं झाल्तं. माझ्याशी बोलंल ती आज ना उद्या."

आई आतल्या दाराशी उभी होती. त्याच्याकडे न बघता तिनं मला विचारलं, "काय निघालं गं?"

"ताई, ऱ्हाऊ दे," भारत मागून हळूच म्हणाला.

"आई, बाहेर ये," मी म्हणाले. "भारतनं काही केलेलं नाही. बस इथं. माझ्याकडून काय झालं ते सांगते."