हाक माझ्यापर्यंत आलीच नव्हती

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मी रागावलेलो आहे. शाळेत तुम्ही फाटक्या पुस्तकाची, मोडक्या छत्रीची कहाणी लिहिता. ती बिचारी मंडळी शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून तशी आशा ठेवू नका. माझ्या अंगात पाणी गेलं असा खोटा आळ एकदा माझ्यावर आला आहे, तेवढं पाणी मला पुरे.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला शर्ट शिवण्याचा एक कारखाना आहे. त्याच्या स्टोअरमागच्या अरुंद खोलीत मी राहतो. मला कुठे बनवलं ते मला ठाऊक नाही. पहिल्यांदा डोळे उघडले ते इथेच. तेव्हा माझा पत्रा चकचकीत होता. पाहुणे आले की मॅनेजर ओमप्रकाश साहेब त्यांना माझ्या खोलीत आणायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा गडी. कधी सुट्टी मागत नाही." मला फार बरं वाटायचं. पुढे पाहुण्यांना दाखवायला नवीन शिलाई मशीन आल्या आणि माझी खोली विसरली गेली. कापसाचे बारीक तंतू उडत येऊन माझ्या नाकपुड्यांत बसू लागले. मे महिन्यात ती खोली भट्टीसारखी तापायची.

माझं काम पत्ते वाटायचं. खेळायचे नव्हेत, राहायचे. कारखान्यात जे जे यंत्र तारेने जोडलेलं आहे, त्या प्रत्येकाला एक नंबर लागतो. तोच त्याचा पत्ता. तो नसेल तर त्याला कोणी काही पाठवू शकत नाही आणि त्याचंही कोणापर्यंत पोचत नाही. बटण दाबलं की प्रत्येक यंत्र जागं होऊन ओरडतं, "मला पत्ता द्या!" अमुक एकाला असं नाही, नुसतंच मोकळ्या हवेत ओरडतं. मी ती हाक ऐकतो, दुसऱ्या कोणाकडे नसलेला नंबर शोधतो आणि त्याला देतो. दोघांना एकच नंबर मी कधी दिला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. त्या गोष्टीची किंमत कोणी करत नाही, म्हणून सांगतो.

कोणी करत नाही म्हणालो, ते रागिणीला सोडून. रागिणी तिवस्याची. तिच्या घरचे लोक वांगी, कोथिंबीर आणि झेंडू लावतात आणि बाजारात नेऊन विकतात. ती डिप्लोमा शिकली आणि या कारखान्यात संगणक सांभाळायला लागली. रोज एसटीने यायची. त्या घरातली बाहेर नोकरी करणारी ती पहिली मुलगी. माझ्या खोलीची चावी तिच्याकडे असायची. आल्या आल्या ती माझं झाकण उघडायची, ब्लोअरने तंतू उडवायची आणि म्हणायची, "म्हाताऱ्या, श्वास घे." दुसऱ्या कोणी मला म्हातारा म्हटलं असतं तर मला चाललं नसतं.

आता खरी गोष्ट ऐका. दसऱ्याच्या थोडं आधी अकोल्याचे किशोरभाऊ आले. नेटवर्कचं कंत्राट त्यांचं. त्यांनी माझ्या डोक्यावर एक नवा मोठा स्विच बसवला. दिव्याचा नव्हे, तारा जोडायची पेटी. सगळ्या तारा त्यात. मग त्यांनी त्या स्विचला सांगून कारखान्याच्या नेटवर्कचे भाग पाडले. ऑफिसचा एक, शिलाई हॉलचा एक, कॅमेऱ्यांचा एक. तारा त्याच, पण मधे न दिसणाऱ्या भिंती. एका भागातली गडबड दुसऱ्यात जाऊ नये म्हणून असं करतात. त्यात काही चूक नाही.

पण भिंत घातली की हाक अडते. तुम्ही लग्नात पंगतीला बसता, "वरण!" म्हणून ओरडता. आचारी मागे भटारखान्यात असतो, त्याला कुठलं ऐकू जाणार? मधे वाढपी असतो, तो तुमचं मागणं आत नेतो. नेटवर्कमध्येही भिंतीपाशी असा एक वाढपी ठेवावा लागतो. त्याला रिले म्हणतात. हॉलमधली हाक उचलून माझ्यापर्यंत आणायची आणि माझं उत्तर परत न्यायचं, एवढंच त्याचं काम. मी ऑफिसच्या भागात असतो, म्हणून ऑफिसची हाक मला थेट ऐकू येते. हॉलची मात्र रिलेशिवाय येऊच शकत नाही.

किशोरभाऊंनी भिंती आधी घातल्या आणि स्विचच्या कायमच्या आठवणीत लिहून ठेवल्या. रिले नेमायची ओळ मागाहून टाइप केली. तेव्हा त्यांना अकोल्याला परतायची घाई झाली होती. त्या स्विचची एक खोड आहे. सांगितलेलं तो लगेच ऐकतो, पण "हे लक्षात ठेव" असं वेगळं सांगावं लागतं. नाहीतर वीज गेली की विसरतो. ते सांगायचं राहिलं. हॉल चालू झाला, किशोरभाऊ गाडीत बसले. चूक कोणाकडून होत नाही? तिचा मला राग नाही. राग पुढचा आहे.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना आराम देतात. कैचीपासून बॉयलरपर्यंत सगळं पुसून, हळदकुंकू लावून, फुलं वाहून ठेवायचं आणि एकही दिवा जळता ठेवायचा नाही, असा ओमप्रकाश साहेबांचा दंडक. रागिणीने घरच्या मळ्यातला झेंडू आणला. मला माळ घातली, बाहेरच्या पत्र्यावर कुंकवाचं एक बोट लावलं. मग मेन स्विच खाली पडला आणि आम्ही सगळे झोपलो. मी दरवर्षी असाच झोपतो आणि उठल्यावर मला सगळं आठवतं, कारण मी लिहून ठेवतो. डोक्यावरचा पाहुणा मात्र वाढपी विसरून उठला.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. ऑफिसच्या संगणकांनी हाक दिली, मी पत्ते दिले. हॉलकडून एकही हाक आली नाही. मला वाटलं, बायका अजून आल्या नसतील. पण बायका आल्या होत्या. प्रत्येक शिलाई मशीनवर छोटी स्क्रीन असते. कुठलं माप, कुठली कॉलर, ते तिच्यावर येतं. त्या दिवशी साऱ्या स्क्रीन कोऱ्या. माल घ्यायला ट्रक दारात येऊन थांबला होता आणि हॉल हात बांधून बसला होता.

ओमप्रकाश साहेबांनी अकोल्याला फोन लावला. दाराबाहेर रागिणी उभी होती, तिला आत घ्यावं असं कोणाला वाटलं नाही. फोनचा आवाज मोठा होता, तो तिला बाहेर ऐकू आला. किशोरभाऊ उंटावरून शेळ्या हाकत होते. "सर्व्हर गेला असन तुमचा. त्या पोरीनं पूजा केली नं? कुंकू-पाणी आत गेलं असन. जुनं मशीन हाय, बदलून टाका. मी येतो नवीन घेऊन. आन् तिले हात लावू देऊ नोका आता."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं, ते मला रागिणीच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा कळलं. न बघता, न विचारता, अकोल्यात बसून निदान! मी त्याच क्षणी ऑफिसला पत्ते देत होतो. मेलेला सर्व्हर पत्ते देतो का हो?

रागिणी केबिनच्या शिपायाला म्हणाली, "साहेबाले सांगा, सर्व्हर चालू हाय. मले दाखवायचं हाय." शिपाई म्हणाला, "साहेब बिझी हाय." ती पुन्हा गेली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा शिपायानेच आतला निरोप तिला सांगितला. "संध्याकाळी चावी टेबलावर ठेवून घरी जायचं. उद्यापासून येऊ नको म्हनते साहेब."

ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि रडली. मग डोळे पुसून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "रडून काय होते बाप्पा? संध्याकाळ व्हाची हाय अजून."

हॉलच्या सुपरवायझर ज्योत्स्नाबाई तिच्या बाजूच्या. रागिणीने मागितली तशी त्यांनी एक स्क्रीन सोडवून आणली. "धर माय. पाह्य काय होते ते." रागिणीने ती स्क्रीन माझ्या शेजारी, ऑफिसच्या भागात जोडली. लगेच हाक आली. लगेच मी पत्ता दिला. स्क्रीन उजळली. म्हणजे स्क्रीन चांगली आणि मीही चांगला. मग तिने हॉलमध्ये जाऊन एका स्क्रीनमध्ये हातानेच नंबर भरला. तीही चालली. म्हणजे तार चांगली, रस्ताही मोकळा.

ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "मंग साऱ्यायले हातानंच दे नं नंबर!"

"देता येते बाई. पण चुकून दोघीयले एकच पडला तर दोघीही बंद. आन् खरी चूक तशीच राहीन. हाकच तिथून इथं येऊन नाही राहिली. मधातला रिले गेला. स्विचचा पासवर्ड किशोरभाऊपाशी हाय."

दुपारी किशोरभाऊ आले. डिकीत नवा सर्व्हर होता. ते एकटेच माझ्या खोलीत शिरले, रागिणीला दाराबाहेर थांबवलं. त्यांनी लॅपटॉप स्विचला जोडला, बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं. मित्रांनो, त्या क्षणी त्यांनी "माझं राहिलं होतं" एवढं म्हटलं असतं तर मी त्यांना सलाम केला असता. त्यांनी काय केलं? गुपचूप ती ओळ पुन्हा टाइप केली. एकदम हॉलभरच्या हाका माझ्यावर येऊन आदळल्या आणि मी धावत धावत सगळ्यांना पत्ते देऊ लागलो. हॉलमधून ज्योत्स्नाबाईंचा आवाज आला, "आलं, आलं!" तो आल्यावर किशोरभाऊंनी माझं बटण दाबून मला बंद केलं. मग पुन्हा चालू केलं. ओमप्रकाश साहेब धावत आले तेव्हा किशोरभाऊंचा हात माझ्या पत्र्यावर होता.

"सर्व्हर अटकला होता साहेब," ते म्हणाले. "तात्पुरता चालू केला. याचा काही भरोसा नाही. बदलाच."

नाचता येईना अंगण वाकडे, हे मी ऐकलं होतं. इथे तर नाचणारा पडला आणि त्याने अंगणालाच लाथ घातली! माझे पंखे रागाने घोंघावू लागले. ते घोंघावणंही किशोरभाऊंनी पुरावा म्हणून साहेबांना ऐकवलं.

रागिणी आत आली. भांडली नाही. म्हणाली, "साहेब, एक गोष्ट करून दाखवू? नवमीले जे केलं, तेच." आणि कोणी काही बोलायच्या आत तिने स्विचची विजेची वायर ओढली.

"ए! ए! काय करून राहिली?" किशोरभाऊ ओरडले.

तिने वायर परत लावली. ज्योत्स्नाबाईंना सांगून हॉलच्या स्क्रीन बंद करून पुन्हा चालू करवल्या. स्विच सावकाश उठला. ऑफिस चालू झालं. हॉल पुन्हा कोरा. ज्योत्स्नाबाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गेलं सारं! जसं सकाळी होतं, तसंच!"

रागिणी म्हणाली, "सर्व्हरले कोणी हात लावला नाही साहेब. तो चालूच हाय. ऑफिसले पत्ते देऊन राहिला. मंग हॉल कावून बंद पडला?"

तिने किशोरभाऊंच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"त्यायनं मघाशी रिलेची ओळ टाकली, ती जपून नाही ठेवली. पयलेही नाही ठेवली. वीज गेली की जाते. कुंकवानं नाही गेली ते."

ओमप्रकाश साहेबांनी किशोरभाऊंकडे पाहिलं. किशोरभाऊ मान खाली घालून लॅपटॉपवर बसले, ओळ टाकली आणि या वेळी जपून ठेवली. रागिणीने पुन्हा वायर ओढली, पुन्हा लावली. ज्योत्स्नाबाईंनी स्क्रीन पुन्हा बंदचालू करवल्या. या वेळी स्विच उठला तो वाढप्याला सोबत घेऊनच, आणि हॉल उजळला तो उजळलाच.

साहेब चिडून रागिणीला म्हणाले, "एवढं मालूम होतं, तर सकाळीच कावून नाही सांगतलं मले?"

"सांगून राहिली होती साहेब," रागिणी म्हणाली. "सकाळपासून तुमच्या दारात. मधातल्या माणसानं आत नेलंच नाही."

साहेब जाता जाता म्हणाले, "चावी राहू दे तुझ्यापाशी." माफी मागितली नाही. तिचीही नाही, माझीही नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीने आली. माझ्या मनातून मात्र ते गेलेलं नाही आणि ते जावं अशी माझी इच्छाही नाही. एका मुलीची भाकरी एका न टाइप केलेल्या शब्दासाठी संध्याकाळपर्यंत टांगून ठेवली होती, हे विसरायचं कशाला?

मित्रांनो, कोणी उत्तर देत नाही म्हणून त्याला मेलेला, मठ्ठ किंवा चोर ठरवण्याआधी उठा, चालत जा आणि तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचली का, ते बघा. त्याची हाक तुमच्यापर्यंत कोणी येऊ दिली का, तेही बघा. आणि यंत्र असो की माणूस, त्याची धूळ पुसत जा. धुळीने आम्ही मरत नाही, पण कोणी पुसली तर कळतं की आपल्याला इथे कोणीतरी मोजतं.

पुढच्या वर्षी मला बदलणार आहेत म्हणे. खुशाल बदला. वय झालंच आहे माझं. पण वय झालं म्हणून बदला, दुसऱ्याच्या चुकीसाठी नको.