तिसरी ओळ

ओडिलनं ओल्या फडक्यानं फळ्यावरचं ‘जास्वंद’ पुसलं आणि तिच्या डोळ्यांदेखत लाबोर्दसाहेबांनी ते पुन्हा लिहिलं. या खेपेला त्यांनी शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुलंही काढली.

लाबोर्दसाहेब सी-ग्रेप हॉटेलचे मॅनेजर. बोटीवरून उतरलेल्या पाहुण्यांना काय हवं असतं, ते अख्ख्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आपल्यालाच कळतं अशी त्यांची पक्की खात्री. अंगणातले खरे माड त्यांनी तोडून घेतले होते, कारण नारळ पाहुण्यांच्या मोटारींवर पडत. मग आत लाउंजमध्ये त्यांनी कागदाचे माड उभे केले. भिंतींना बांबू ठोकला, करवंटीत रम ओतली, रमवर कागदी छत्री खोचली, आणि या सगळ्याच्या मधोमध फुग्यांच्या बाह्यांचा झगा घालून ओडिलला गायला उभं केलं. अशा मुलीचं नाव जास्वंद नाही ठेवायचं तर काय ठेवायचं?

‘‘नाव मॅनेजरनं ठेवायचं नसतं, साहेब,’’ ओडिल म्हणाली.

‘‘मग कोणी, पाद्र्यानं?’’

त्यांना काय सांगणार, कपाळ? कॅलिप्सो, म्हणजे इथली टोमण्यांची गाणी, गाणाऱ्याला आईबापांनी ठेवलेलं नाव चालत नाही, आणि आपलं आपण ठेवलेलं तर त्याहून नाही. दुसऱ्या गाणाऱ्यानं चारचौघांत, गाण्यातून तुमची अब्रू काढायची आणि त्या चिखलफेकीत जे नाव अंगाला चिकटेल ते तुमचं. कथबर्ट ॲलन तरुणपणी हवामान कचेरीत शिपाई होता. कोणीतरी गाण्यातून त्यावरच त्याची टर उडवली आणि तेव्हापासून तो लॉर्ड बॅरोमीटर झाला. आता तो म्हातारा झाला होता, कार्निव्हलच्या गाण्यांच्या तंबूचा मुखिया होता, आणि त्याचा तंबू उद्या शनिवारी उघडणार होता. बिननावाच्या माणसाला तिथं गायला मिळत नसे, मग गळ्यातून मध का गळेना.

म्हणून गेलं वर्षभर ओडिल एकाच गोष्टीसाठी झुरत होती. बॅरोमीटरनं आपल्याला एकदा, फक्त एकदा, सणसणीत शिव्या घालाव्यात.

आणि तो मेला तिचं कौतुक करत होता!

दर शुक्रवारी तो संध्याकाळचा हॉटेलात येई, खांबाजवळच्या टेबलाशी टोपी काढून ठेवी, दोन जुनी गाणी म्हणे, आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगे, ‘‘छान गातेस हो, बाळ.’’ तिचा साथीदार फिट्झरॉय चार तारांचा क्वात्रो वाजवायचा. त्यानं पहिल्याच दिवशी मान हलवली होती. म्हातारा ज्याला माणसात धरतो त्याची सालटी काढतो, म्हणाला. आशीर्वाद तो देतो पोरांना आणि प्रेतांना.

आज बंदरात मोठी बोट लागली होती. ऊन उतरायच्या आतच लाउंज भरलं. फुलाफुलांचे शर्ट, उन्हानं लाल झालेली नाकं, पायातल्या चपला टेबलाखाली सरकवून ताल धरणाऱ्या बायका. फिट्झरॉयनं तारा छेडल्या, शाक-शाकचे खुळखुळे वाजू लागले, मागून क्लॅरिनेटनं एक खट्याळ गिरकी घेतली, आणि ओडिलनं केळीवालीचं गाणं सुरू केलं. जागेवर बसून राहणं कोणाला शक्यच नव्हतं. ओहायोहून आलेल्या मिसेस डोलननं नवऱ्याला ओढून उभं केलं. तो बिचारा दारू पिऊन नाही, त्या तालानंच झिंगला. ट्रे घेऊन चाललेला रामकिसून वेटरसुद्धा कमरेतून लचकत चालला होता.

तेवढ्यात बॅरोमीटर आला. तोच काळा कोट, तीच टोपी. खांबाजवळ बसला, टोपी टेबलावर ठेवली, आणि गाणं संपताच ओडिलकडे बघून प्रेमानं हसला.

त्या हसण्यानं तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उद्या तंबू उघडणार आणि आज हा हसतो! ती फिट्झरॉयच्या कानाशी वाकली.

‘‘जुनी चाल धर.’’

‘‘इथं? लाबोर्दसाहेब हाकलून देतील.’’

‘‘धर म्हणते ना.’’

जुनी चाल म्हणजे भांडणाची चाल. खालच्या सुरातली, काळोखी, आणि तरी अंगावर काटा आणणारी. तिच्यात दोघा गाणाऱ्यांनी उभ्या उभ्या ओळी जुळवायच्या, एकमेकांना फाडून खायचं आणि शेवटी म्हणायचं ‘सां युमानिते’. आजी-पणजीच्या जुन्या फ्रेंच बोलीतले ते शब्द. अर्थ एवढाच, की दयामाया नाही. ज्याच्यापुढे तुम्ही ते शब्द टाकलेत तो तुमच्या बरोबरीचा झाला.

पहिल्या सुरालाच वेटर जागच्या जागी थबकले. स्वयंपाकघराच्या दारात आचारी आला. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी खास चाललंय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ओडिलनं म्हाताऱ्याकडे तोंड केलं.

‘‘कोट तुमचा काळा, कसर त्याला खाते,
कसरीचं बिचारीचं पोट बिघडते;
इस्त्रीवाली लांबून हात जोडते,
आता तरी फेका, सां युमानिते!’’

रामकिसून फिस्सकन हसला. म्हातारा उठला, कोटाची बाही झटकली. ओडिल एक पाऊल पुढे सरकली. आता, आता घालेल शिवी. त्याचा आवाज अजून खणखणीत होता.

‘‘गोड तुझा गळा, गोड तुझं गाणं,
आईच्या अंगणातलं तू गं चांदणं;
म्हाताऱ्याच्या हातून आशीर्वाद घे,
सुखात राहा, बाळ, मोठी हो पुढे.’’

शेवटचे ते दोन शब्द त्यानं म्हटलेच नाहीत. आचारी मान खाली घालून आत वळला. रामकिसून उगाच एक स्वच्छ टेबल पुसू लागला. मिसेस डोलन मात्र गहिवरून म्हणाली, ‘‘किती प्रेमळ म्हातारा!’’

ओडिलच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिला कळत होतं चूक कुठं झाली. कोट! कोटाला कोणीही हसतं. तिनंही म्हाताऱ्याला जपूनच डिवचलं होतं, वर ‘तुमचा’ आणि ‘फेका’! भांडणाच्या गाण्यात कुठं अहो-जाहो असतं? तिनं दया दाखवली आणि त्यानं ती व्याजासकट परत केली.

आणि दया न दाखवायची तर एकच जागा होती. ती साऱ्या शहराला ठाऊक होती आणि सारं शहर तिच्यावर पांघरूण घालत होतं. गेल्या दोन कार्निव्हलांपासून बॅरोमीटर उभ्या उभ्या ओळी जुळवताना तिसऱ्या ओळीवर अडखळे; पाठ असलेली गाणी आणि आशीर्वाद तेवढे सरळ येत. पहिल्या दोन ओळी सुरीसारख्या यायच्या, मग डोळे शून्यात जायचे. अशा वेळी तंबूतले सगळे गाणारे, जणू उत्साह आवरेना म्हणून, एकदम ओरडून ती ओळ म्हणत आणि म्हाताऱ्याला पलीकडे नेऊन सोडत. यावर बाजारातसुद्धा कोणी चकार शब्द काढत नसे, आणि बाजारात तर बिशपच्या आतल्या कपड्यांचीही चर्चा होई.

ओळी तिच्या जिभेवर आल्या होत्या. गिळून टाकाव्यात असं एकदा वाटलं. हा माणूस वाईट नव्हता, उलट भलाच होता. पण तो समोर उभा होता, हात पाठीमागे बांधून, आणि मायेनं मान डोलावत होता. ओडिलनं डोळे मिटले नाहीत.

‘‘बॅरोमीटर, तुझा काटा अडकला,
उन्हात म्हणतोस, पाऊस पडला;
तिसरी ओळ तुझी कुठंशी पळते,
शोधून देऊ का रे? सां युमानिते!’’

फिट्झरॉयची बोटं तारांवरच राहिली, मग घाबरून आपोआप पुन्हा चालू लागली. आचारी दारात परत आला होता. त्याच्या हातातला पळा तसाच वर राहिला. ओडिलची पाचावर धारण बसली. हे आपण काय केलं? उद्या तंबूत घेणं राहिलं, शहरात कोणी दारात उभं करणार नाही.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मायेचं हसू गेलं होतं. त्याच्या जागी काय आलं ते तिला कळेना. त्यानं खांबाजवळची जागा सोडली, कोटाचं बटण लावलं आणि पुढे आला.

‘‘जास्वंद म्हणे ही, वाऱ्यावर डोलते,
तोंड उघडलं की मासळी बोलते;’’

आचाऱ्यानं ‘हाय!’ म्हणून पळा चौकटीवर आपटला. ओडिलची आई मासळीबाजारात बसायची, आणि तिचा आवाज थेट बंदरापर्यंत जायचा. शिवी! भर लाउंजात, आईवरून! ओडिलच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि तिथंच म्हातारा थांबला.

तारा वाजत राहिल्या. एक आवर्तन गेलं. त्याचे डोळे शून्यात गेले, ओठ हलले, त्यातून काही आलं नाही. दुसरं आवर्तन सुरू झालं. फिट्झरॉयनं ओडिलकडे बघितलं आणि भुवयांनी विनवलं, म्हण काहीतरी, ने त्याला पलीकडे. ओळ तर समोरच पडली होती. ‘बोलते’ला यमक कोण जुळवणार नाही? ‘तोलते’ आहे, ‘खोलते’ आहे. तिच्या गळ्यापर्यंत सूर आला. रामकिसूननं तर तोंड उघडलंसुद्धा.

ओडिलनं त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की ते तोंड मिटलं.

मग तिनं हात कमरेवर ठेवले, हनुवटी वर केली, आणि बाजारात गिऱ्हाईक घासाघीस करून थकेपर्यंत तिची आई जशी उभी राहायची तशी उभी राहिली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ही आपल्याला हात देणार नाही हे त्याला कळलं. तिला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं: आधी भीती, मग राग, आणि मग रागातून वर येणारं दुसरंच काही. तिसरं आवर्तन फिरून आलं.

‘‘फूल नव्हे, बॅराकुडा! दातानं सोलते,
बर्फात ठेवा हिला, सां युमानिते!’’

छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. आचारी पळ्यानं दार बडवत होता, वेटर ट्रे बडवत होते, क्लॅरिनेटवाला वाजवायचं सोडून हसत सुटला होता. त्या दातेरी, रागीट माशाचं नाव बाजारात नुसतं घेतलं तरी कोळणी बोटं मागे घेत. लेडी बॅराकुडा! रामकिसून ते नाव दोन्ही हातांचा कर्णा करून बाहेर मोटारवाल्यांना ओरडून सांगत होता. पाहुणेही उठून नाचू लागले. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्या काळोख्या चालीनं त्यांच्याही पोटऱ्या पकडल्या होत्या.

ओडिल रडत होती. रडत होती आणि हसत होती, आणि फुग्यांच्या बाहीनं नाक पुसत होती.

मिसेस डोलन धावत आली. तिनं ओडिलला जवळ घेतलं, पर्समधून रुमाल काढून दिला. किती दुष्ट माणूस, म्हणाली, एका कोवळ्या मुलीला असं बोलायचं, सगळ्यांदेखत! लाबोर्दसाहेब घामाघूम होऊन पाठोपाठ आले. त्यांनी शपथेवर सांगितलं, की हा म्हातारा पुन्हा या हॉटेलची पायरी चढणार नाही, जास्वंदनं निश्चिंत असावं.

‘‘बाई,’’ ओडिल रुमालातून म्हणाली, ‘‘मी वर्षभर वाट बघत होते.’’

मिसेस डोलनला वाटलं, धक्क्यानं पोरगी बरळते आहे. तिनं पाणी मागवलं.

खांबाजवळचं टेबल रिकामं होतं. म्हातारा निघून गेला होता, आज तिच्या डोक्यावर हात न ठेवता. टेबलावर त्याची टोपी मात्र तशीच होती.

फिट्झरॉयनं ती पाहिली आणि झटकन आपल्या कोटाखाली घेतली. हेही सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. म्हातारा काही विसरला, की कोणीतरी मागच्या दारानं गुपचूप त्याच्या घरी पोचवून यायचं आणि खुंटीला लावून यायचं.

‘‘देऊन येतो,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘आण इकडे,’’ ओडिल म्हणाली.

ती टोपी घेऊन ती व्हरांड्यात आली. खाली रस्ता माणसांनी फुलला होता. बोटीवरचे खलाशी, शेंगदाणेवाल्या, कामावरून सुटलेल्या बायका. बॅरोमीटर कोपऱ्यापर्यंत पोचला होता. ओडिलनं टोपी हातभर उंच धरली आणि आईचा आवाज लावला.

‘‘ए बॅरोमीटर! टोपी विसरलास! सां युमानिते!’’

अख्खा रस्ता वळला. एक बाई चपापून थांबली. म्हातारा पाठमोराच उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसतो आहे की काय, हे तो वळेपर्यंत कोणालाच कळलं नाही.

तो परत आला, एकेक पायरी चढला, दम खात. ओडिल टोपी घेऊन वरच उभी राहिली, एक पायरीही खाली उतरली नाही.

‘‘आणून दिली नाहीस,’’ तो म्हणाला.

‘‘नाही दिली.’’

त्यानं टोपी तिच्या हातातून हिसकावून घेतली, डोक्यावर नीट बसवली.

‘‘उद्या उशीर केलास तर याद राख,’’ म्हणाला, आणि पायऱ्या उतरू लागला.